जवळचं लॉ कॉलेज घ्यावं का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी यंदा बी.कॉम. झाली. तीन वर्षांचं एलएलबी रत्नागिरीत करावं की तिला मुंबईला पाठवावं? (पालक, राजापूर)

वकिली कुठे करायची, हे आधी तिलाच विचारा. कंपन्यांची कामं, मोठ्या फर्म असं डोक्यात असेल तर मुंबई गाठावी. इंटर्नशिपसाठी लागणाऱ्या ओळखी तिथेच होतात. रत्नागिरी-राजापूरच्या कोर्टात उभं राहायचं असेल, तर मात्र घराजवळचं कॉलेज बरं. सनदेवर, म्हणजे वकिलीच्या परवान्यावर, कॉलेजचा दर्जा छापलेला नसतो. शिवाय 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची हायकोर्टातली कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (मुंबई हायकोर्टाच्या तिथल्या पीठाकडे) गेली आहेत, म्हणजे त्यासाठीही मुंबई गाठायला नको.

आपल्याकडचे दिवाणी दावे बरेचसे जमिनीचे : सामाईक हिस्से, वहिवाट, कुळ. समजा, एकाने कब्जासाठी दावा लावला आणि प्रतिवादीने कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) ‘मी कुळ आहे’, म्हणजे मालकाची जमीन कसणारा आहे, असं लिहिलं. कुळकायद्याच्या कलम 85 मुळे दिवाणी कोर्टाला तो मुद्दा ठरवता येत नाही. कलम 85अ प्रमाणे तो तहसीलदाराकडे पाठवावा लागतो आणि दावा तोवर लटकतो. म्हणून दावा लिहायच्या आधीच जुने फेरफार (सातबारातल्या बदलांच्या नोंदी) काढायचे, कुळाने जमीन विकत घ्यायची किंमत ठरवणारा कलम 32ग चा निर्णय झालाय का आणि त्या खरेदीचं कलम 32म चं प्रमाणपत्र मिळालंय का, ते बघायचं. नुसत्या ताज्या सातबारावर विसंबलेला ज्युनिअर इथे हमखास फसतो. हे शिकायचं तर शिकत असतानाच गावाकडच्या एखाद्या सिनियरच्या ऑफिसात बसावं लागतं. तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिप लागतेच. तीही तिथेच करता येईल.

प्रश्न : मी चिपळूणला नोकरी करतो. एक कॉलेज ‘फक्त परीक्षेला या’ म्हणतंय. घेऊ का प्रवेश? (चिपळूण)

घेऊ नका. वकिली आणि तिचं शिक्षण यांवर देखरेख करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लागते. अपवाद म्हणून 65 पर्यंत सवलत मिळते. आठवड्याला किमान 30 तास वर्ग धरलेले आहेत, तेही सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेत. कौन्सिलच्या सप्टेंबर 2024 च्या परिपत्रकात बायोमेट्रिक हजेरी आणि नोकरी करणाऱ्यांसाठी मालकाचं ना-हरकत पत्र मागितलं आहे. आज सोयीची वाटणारी हजेरी उद्या सनद काढताना अंगाशी येते. सकाळची बॅच असेल तर लेखी वेळापत्रक मागा आणि तुमची ड्युटी त्यात बसते का पाहा. पूर्णवेळ पगारी नोकरी ठेवून वकिली करता येत नाही, हेही आताच लक्षात घ्या.

प्रश्न : मला न्यायाधीश व्हायचंय. त्यासाठी नामांकित कॉलेजच हवं का? (मालवण)

नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाला किमान तीन वर्षांची वकिली लागते. ती तात्पुरत्या सनदेच्या (बार परीक्षा, म्हणजे वकिलीची पात्रता परीक्षा, देण्याआधी मिळणाऱ्या सनदेच्या) तारखेपासून मोजतात, म्हणून एलएलबीचा निकाल लागताच सनदेचा अर्ज टाका. कॉलेजपेक्षा सिनियर नीट निवडा : ज्याच्याकडे दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कामं असतील, आणि जो उलटतपासाला तुम्हाला उभं करेल. फौजदारीत दोन्ही कायदे हाताशी हवेत. 1 जुलै 2024 च्या आधीच्या गुन्ह्याला अजूनही भारतीय दंड संहिताच लागते, नंतरच्याला भारतीय न्याय संहिता.

प्रश्न : सनदेला वीस-पंचवीस हजार लागतात म्हणे? (गुहागर)

आता नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 30 जुलै 2024 च्या निकालाने नोंदणी शुल्क 750 रुपयांवर आणलं आहे : 600 राज्य बार कौन्सिलला, 150 बार कौन्सिल ऑफ इंडियाला. अनुसूचित जाती-जमातींना 125. मुद्रांक शुल्क असल्यास ते वेगळं, बार परीक्षेची फीही वेगळी. याच्यावर कोणी ‘इतर शुल्क’ म्हणून पैसे मागितले तर पावती मागा.