एकवीस वेळा लिहिलेलं खोटं

प्रश्न : ताई, मी चौतीस वर्षांची आहे. ऑफिसच्या बैठकीत बोलायची पाळी आली की माझा घसा कोरडा पडतो. एका शिबिरात सांगितलं म्हणून गेले दोन महिने रोज सकाळी वहीत एकवीस वेळा लिहिते, 'मी आत्मविश्वासाने परिपूर्ण आहे, मला सगळं जमतं.' पण सातव्या-आठव्या ओळीला आतून कुणीतरी म्हणतं, 'काहीही काय!' आणि बैठकीनंतर पूर्वीपेक्षा जास्तच वाईट वाटतं. शिबिरातले सर म्हणतात, शंका घेतली की परिणाम होत नाही. माझी श्रद्धा कमी पडते का?

उत्तर : श्रद्धेचं राहू द्या बाजूला. आतून 'काहीही काय!' म्हणणारं जे कुणी आहे ना, ते मला तरी शहाणं वाटतंय. काल बैठकीत तुम्ही मान खाली घालून बसला होतात, हे त्याने पाहिलंय. आता तुम्ही एकवीस वेळा लिहा नाहीतर एकशे एक वेळा, ते आपली साक्ष फिरवणार नाही. आणि सरांचं ते वाक्य मोठं सोयीचं आहे हो. बरं वाटलं तर श्रेय शिबिराचं, नाही वाटलं तर खोट तुमच्यात!

तुमच्यासारखा अनुभव पुष्कळांना येतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली याच विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं, त्यांना थोडंसं बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल फारसं बरं वाटत नव्हतं, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच हे औषध बाधलं. वाक्य आणि अनुभव यांच्यात अंतर फार पडलं की मन वाद घालायला बसतं, आणि त्या वादात पुरावे अनुभवाच्या बाजूने असतात.

माझंच सांगते. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकायला घेतली. स्टिअरिंगपुढे बसले की मनात घोकायचे, 'मी उत्तम गाडी चालवते.' एकदा चढावर सिग्नल लागला. सुटला तेव्हा गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागे हॉर्नचा नुसता कल्ला, आणि मी आपली पुटपुटतेय, उत्तम चालवते, उत्तम चालवते. शिकवणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा. तो म्हणाला, "मॅडम, काय जप करताय? त्यापेक्षा एवढंच म्हणा : क्लच अर्धा, गाडी थरथरली, आता ब्रेक सोड." म्हटलं. गाडी उचलली. त्या वाक्यात माझं कौतुक कणभरही नव्हतं, पण पायाला पुढचं काम कळलं. अजूनही चढ आला की ओठांवर तेच येतं.

तुमच्या वहीत असं वाक्य हवं. 'पहिल्या दहा मिनिटांत मी एक प्रश्न विचारीन.' किंवा 'घसा कोरडा पडला, तर पाण्याचा घोट घेईन आणि कागदावर लिहिलेलं पहिलं वाक्य वाचीन.' या 'तर'वर जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी बरंच काम केलंय. अमुक घडलं तर मी तमुक करीन, असं आधीच ठरवलेलं असलं की ऐनवेळी विचार करत बसावं लागत नाही. तुमचा घसा तर हमखास कोरडा पडतो. मग तोच इशारा समजायचा.

संध्याकाळी एकच ओळ लिहा, झालं तेवढंच. 'प्रश्न विचारला. आवाज कापला. उत्तर मिळालं.' महिन्याभरात अशा दहा ओळी जमल्या, की आतल्या त्या साक्षीदाराला तुमच्या बाजूनेही थोडं बोलावं लागेल.

गंमत म्हणजे, स्वतःबद्दलचं चांगलं वाक्य घोकण्याच्या प्रकाराचे जे आद्य पुरस्कर्ते मानले जातात, ते फ्रान्सचे एमिल कुए (१८५७–१९२६) पेशाने औषधविक्रेते होते. वीस गाठींची दोरी हातात घेऊन रोज सकाळ-संध्याकाळ वीस वेळा एक वाक्य म्हणा, असं ते सांगत. वाक्य साधारण असं : दिवसेंदिवस, सर्व बाबतींत, मी अधिकाधिक बरा होत चाललो आहे. यातलं क्रियापद बघा. 'होत चाललो आहे'! 'परिपूर्ण आहे' असा दावा त्यांनीसुद्धा केला नव्हता.

अजून एक युक्ती : बैठकीआधी स्वतःला नावाने हाक मारून बोला. मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस यांच्या २०१४ मधल्या प्रयोगांत 'मी'ऐवजी स्वतःचं नाव घेऊन मनाशी बोलणाऱ्यांना भाषणाचा ताण कमी जाणवला. मैत्रिणीला सांगावं तसं सांगायचं. मैत्रिणीला आपण 'तू परिपूर्ण आहेस' म्हणत नाही, 'तो खर्चाचा मुद्दा तेवढा मांड' म्हणतो.

आणि हो, ते 'काहीही काय' बैठकीपुरतं न राहता दिवसभर पाठ सोडत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त झोप आणि भूक बिघडली असेल, तर वही मिटून डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. झोपताना त्याच्याकडून 'मी वर्गात पहिला येणार' असं रोज म्हणवून घेतो. योग्य आहे ना?

उत्तर : तो चौथा आला, तर त्या रात्री त्याने काय म्हणायचं? अमेरिकेतल्या एका शाळेत सातवीच्या मुलांना आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे मैत्री, घरची माणसं, कला अशांवर, जेमतेम पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं होतं. मार्कांचं नावही नाही. जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली नोंदवलं, की त्या वर्गातल्या कृष्णवर्णीय मुलांचे गुण सुधारले. पुढे सगळ्याच शाळांत तसा परिणाम दिसला नाही, हेही खरं. तरी झोपताना त्याला विचारून बघा, "आज काय करताना मजा आली?" मग तो सांगेल ते ऐका. मधे मार्क आणू नका.

प्रश्न : असंच एक वाक्य एकवीस दिवस सलग वहीत लिहायचं होतं. सोळाव्या दिवशी विसरले. पुन्हा पहिल्यापासून मोजू का?

उत्तर : नको. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं १९६० साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं. त्यातलं 'किमान' कुठेतरी गळलं आणि 'एकवीस दिवसांत सवय लागते' असा नियम झाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी शहाण्णव जणांच्या सवयी तपासल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत काहीही लागू शकतं, असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडतही नव्हतं. सोळावं पान कोरं राहू दे, सतरावं लिहा.