जुन्या थारला लडाखसाठी जादाची डिझेल टाकी बसवू का?

भाऊ, प्रश्न नीट वाचला तुमचा. लातूरचे आहात, २०१७ ची महिंद्रा थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनाची) आहे, लेह आणि तिथून पुढं लडाखच्या आडवाटेचं हानले गाव, त्सो मोरिरी सरोवर करायचंय आणि ओळखीचा वेल्डर मागच्या बाकाखाली जीआय पत्र्याची ४० लिटरची टाकी ठोकून द्यायला तयार आहे, तर बसवू का असं विचारलंय. माझं जालन्याला डिझेल गाड्यांचंच काम आहे, जीपा न् पिकअप जास्त, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टाकी बसवता येते, पण बाकाखाली नाही, आणि जीआयची तर अजिबातच नाही.

जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. डिझेलमध्ये ते जस्त हळूहळू उतरतं आणि त्याचा साबणासारखा चिकट साका बनतो, तो आधी फिल्टर चोक करतो न् मग इंजेक्टरपर्यंत जातो. जुन्या साध्या पंपाच्या इंजिनानं हे थोडंफार सहन केलं असतं, कॉमन रेलचं, म्हणजे फार मोठ्या दाबानं बारीक छिद्रातून डिझेल फवारणारं इंजेक्टर नाही करत. याच कारणानं तांब्याची नळीसुद्धा वापरू नका, दिसायला कितीही छान दिसली तरी. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या आणि टिग वेल्डिंग, म्हणजे गॅसच्या आवरणात होणारं बारीक, स्वच्छ वेल्डिंग करून घ्या. लातूरला तेल मिल, डाळ मिलची स्टीलची कामं करणारे फॅब्रिकेटर आहेत, त्यांचा हात अशा कामाला बसलेला असतो.

पण त्याआधी गणित करा. तुमच्या थारची टाकी ६० लिटरची. घाटात, लो गिअरमध्ये, सामान भरून १० चा ॲव्हरेज धरला तरी ५५०-६०० किलोमीटर निघतात. मनाली-लेह रस्त्यावर तांडी गावच्या पेट्रोल पंपाजवळ पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असा बोर्ड कितीतरी वर्षं होता, म्हणजे तांडीला टाकी फुल्ल केली तर लेहला जादा टाकीशिवाय आरामात पोचता. प्रश्न येतो तो लेहवरून हानले, त्सो मोरिरी असं फिरून परत यायचं म्हटल्यावर, आणि तेवढ्यासाठी २० लिटरचे दोन लोखंडी जेरीकॅन बहुतेकांना पुरतात. एका ट्रिपसाठी टाकी करत असाल तर माझं मत कॅन घ्या असंच आहे. दरवर्षी असल्या आडवाटेला जाणार असाल तरच टाकीचा खर्च वसूल होतो.

तरी बसवायचीच म्हणत असाल तर ऐका, टाकी बनवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, खरी कसोटी आहे टाकीत हवा कुठून येणार आणि डिझेल कोणत्या रस्त्यानं इंजिनाकडं जाणार ही, आणि नेमकं हेच वेल्डरला कुणी सांगत नाही.

आधी डिझेलचा रस्ता सांगतो. कॉमन रेलमध्ये पंप जेवढं डिझेल ओढतो तेवढं सगळं जळत नाही, उरलेलं रिटर्न लाईननं परत टाकीत येतं. आता इंजिनाला थेट जादा टाकीतून डिझेल दिलं आणि रिटर्न राहिली मेन टाकीला, तर जादा टाकी रिकामी होत जाते न् मेन टाकी भरत भरत ओतून वाहायला लागते. शिवाय बदलाबदलीत लाईनमध्ये हवा शिरली तर गाडी बंद पडते, आणि हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, त्यामुळं तो कोरडा फिरला तर खर्च फार मोठा. म्हणून इंजिनाच्या लाईनला हातच लावायचा नाही. जादा टाकीतून १२ व्होल्टच्या छोट्या ट्रान्सफर पंपानं डिझेल मेन टाकीच्या फिलर नेकमध्ये, म्हणजे पंपावर डिझेल भरतात त्या तोंडाच्या नळीत सोडायचं, बस. मेन टाकी अर्ध्याच्या खाली गेली की स्विच दाबायचा. पंप मिनिटाला दीड लिटर देत असेल तर २० लिटरला पाव तास सुद्धा लागत नाही. स्विच इग्निशनवरून, मधे रिले आणि फ्यूज, आणि पंप चालू असताना डॅशबोर्डवर लाल दिवा लागलाच पाहिजे, कारण खडबडीत रस्त्यावर तो पंप चालू आहे हे ऐकू येत नाही आणि विसरला की डिझेल रस्त्यावर. पंपाच्या पुढं एक सोलेनॉइड व्हॉल्व्हही (विजेवर उघडबंद होणारा) टाका, जादा टाकी जरा उंच बसली तर पंप बंद केल्यावरसुद्धा सायफननं डिझेल उतरतच राहतं. पंपाच्या आधी पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, आडवाटेला डिझेल कुठून भरावं लागेल याचा भरवसा नसतो.

आता हवा. टाकीला ब्रेदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची नळी नसली तर पंप आत व्हॅक्यूम करतो न् ओढणं बंद करतो, आणि त्याहून मोठं म्हणजे तुम्ही उंचीवर चाललाय. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, आणि वरच्या खिंडींत तर जवळपास निम्मा. खाली घट्ट बंद केलेला प्लॅस्टिकचा कॅन वर फुगतो तो त्यामुळंच. पत्र्याची टाकी फुगताना दिसत नाही पण सांधे ताणले जातात. ब्रेदरची नळी टाकीच्या सगळ्यात वरच्या बिंदूवरून काढून गाडीत जितकी उंच नेता येईल तितकी न्या म्हणजे ओढ्यात पाणी शिरणार नाही, गाडी कलंडली तर बंद होणारा रोलओव्हर व्हॉल्व्ह बसवा, आणि टोकाला छोटा फिल्टर लावा. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ तुम्हाला सांगायला नको. टाकी काठोकाठ भरू नका, पहाटे भरलेलं डिझेल दुपारी ३० अंशांनी तापलं तर ४० लिटरमागं जवळपास एक लिटर वाढतं.

आत आडव्या पट्ट्या, म्हणजे बाफल, घालायलाच सांगा. आपल्याकडं उन्हाळ्यात अर्धा भरलेला पाण्याचा टँकर वळणावर कसा झोकांड्या देतो ते पाहिलंच असेल, तेच इथं छोट्या प्रमाणात होतं. ४० लिटर डिझेल म्हणजे ३३ किलो, त्यात टाकी न् ब्रॅकेटचं वजन धरा. ते पातळ पत्र्याच्या फ्लोअरला स्क्रूनं कधीच धरत नाही, ब्रॅकेट चेसिसलाच बोल्ट करा, मधे रबर घाला, आणि टाकीला चेसिसची अर्थिंग द्या.

जागा केबिनच्या बाहेरच हवी. डिझेल पेट्रोलइतकं पटकन पेट घेत नाही हे खरं, पण मागं माणसं बसणार, एखादी क्लिप ढिली झाली की बंद गाडीत वासानं डोकी उठतात आणि ठोकर बसली तर पाहायलाच नको. गाडी लिफ्टवर घेऊन सायलेन्सरपासून लांब, चेसिसच्या आतल्या बाजूला जागा निघते का ते बघा. नाही निघाली तर हट्ट करू नका, सरळ कॅन. ज्यांच्याकडं कॅम्पर किंवा पिकअप आहे त्यांना हौद्यात जागाच जागा असते, त्यांचं काम सोपं. पेट्रोल गाडीवाल्यांनी तर यात पडूच नये.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरटीओत आधी विचारा, लेखी घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा. उद्या काही झालं तर क्लेम अडवायला न कळवलेली टाकी हे आयतं कारण मिळतं.

अजून एक, ऑगस्टच्या पुढं गेलात तर. आपल्याकडं उन्हाळ्यात मिळणारं डिझेल थंडीसाठी नसतं, भारतीय मानकात उन्हाळी डिझेलचा पोअर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली ते वाहायचं थांबतं ते तापमान, १५ अंशांपर्यंत चालतो आणि हिवाळी डिझेलचा ३ अंशांपर्यंत. म्हणजे लातूरचं डिझेल जादा टाकीत घेऊन वर गेलात तर रात्री त्यात मेण धरू शकतं. टाकी रिकामीच न्या, लेहला भरा. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल इंडियन ऑईलनं २०१९ च्या नोव्हेंबरात काढलंय, ते याचसाठी.

टाकी तयार झाली की आधी ३ पीएसआय (टायरच्या हवेचंच माप) हवेवर साबणाच्या पाण्यानं सांधे बघा, त्याहून जास्त हवा भरू नका. डिझेल एकदा भरल्यावर गळती दिसली तर त्या टाकीला परत वेल्डिंग लावू देऊ नका, आतली वाफ स्फोट करते, माणसं गेलीत अशा कामात. मग गाडी भरून अंबाजोगाईवरून मांजरसुंबा घाटापर्यंत एक चक्कर मारा, खराब पॅच मुद्दाम घ्या, आणि घरी आल्यावर प्रत्येक होज क्लिपला पाना लावा. पहिल्या चक्करनंतर एखाददुसरी तरी ढिली निघतेच.