संधिवात कशाने उसळतो, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की वय 31, चार महिन्यांपूर्वी ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस हा संधिवात निघाला, त्यावरची मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू आहे, तरी दर दोन-तीन आठवड्यांनी बोटं सुजतात. हे कशामुळे होतं ते कसं शोधायचं, आणि गहू-दूध बंद करावं का?

मी डॉक्टर नाही. इंदूरला लोकमान्य नगरात राहते, वय 52, आणि हा पाहुणा माझ्याकडे 14 वर्षं मुक्कामाला आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: इतक्यात काही बंद करू नका.

मी केलं होतं. आधी दही गेलं, मग टोमॅटो, वांगं, उडीद. सासूबाई म्हणाल्या आंबट सोड, तर आंबटही सोडलं. लिंबू न पिळलेले पोहे रोज सकाळी गिळणं म्हणजे काय, ते इंदूरच्याच माणसाला कळेल. आठ महिन्यांत वजन पाच किलो उतरलं, हिमोग्लोबिन 9 वर आलं, बोटं होती तशीच.

गव्हाची गोष्ट थोडी निराळी आहे. सीलिएक हा आतड्याचा आजारही आपल्या संधिवातासारखाच ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची फौज स्वतःवरच उलटते तसला, आणि तिथे गहू खरंच दोषी असतो. हॉलंडमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना तसा संशय होताच. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे तिथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा बाकी लोक उपाशी असताना ही आजारी पोरं मात्र सुधारू लागली. तुम्हाला सारखे जुलाब होत असतील किंवा हिमोग्लोबिन काही केल्या वाढत नसेल, तर डॉक्टरांना टीटीजीची, म्हणजे सीलिएक शोधणारी, रक्ततपासणी विचारा. पण ती गहू खात असतानाच करायची. आधीच बंद केलात तर रिपोर्ट फसवा नॉर्मल येऊ शकतो. सीलिएक नाही निघाला, तर गव्हाचे बाफले खुशाल खा.

आता ट्रिगर, म्हणजे दुखणं कशाने उसळतं ते. माझा घोळ असा होता की मी दोन गोष्टी एकच समजत होते. चूल पेटवणारी ठिणगी वेगळी, आणि राखेखालचा निखारा फुलवणारी फुंकर वेगळी. ठिणगी बहुधा फार जुनी असते. जनुकांचा कल असतो, त्यात बिडी-सिगारेटचा धूर, हिरड्यांचा जुनाट आजार अशा गोष्टींची भर पडते. धुरामुळे फुप्फुसात आणि हिरड्यांतल्या काही जंतूंमुळे तोंडात आपल्याच प्रथिनांत बारीकसा बदल होतो, आणि शरीराची पहारेकरी फौज त्यांना परकं समजू लागते. अँटी-सीसीपी म्हणून जी तपासणी तुमची झाली असेल, ती याच गैरसमजाची खूण. ती रक्तात सांधे दुखायच्या कित्येक वर्षं आधीपासून असू शकते. म्हणजे मागच्या महिन्यातल्या लोणच्याने आजार झाला, हे काही खरं नाही. शोधायची आहे ती फुंकर.

ती आठवणीवर शोधता येत नाही. माणूस आदल्या दिवशी काय खाल्लं तेवढंच आठवतो. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे, त्यात दुधाचा हिशेब असतो. त्याच चौकटीत मी एक आकडा लिहू लागले. सकाळी उठल्यापासून साखरेच्या बरणीचं झाकण फिरवता येईपर्यंत किती मिनिटं गेली, एवढंच. साडेपाचला उठले, झाकण सहा दहाला उघडलं, की 40. चांगल्या दिवसांत 10 असतात, तासाच्या वर गेलं की दुखणं उसळलं समजायचं. शेजारी एखादं अक्षर: झो म्हणजे झोप झाली नाही, ता म्हणजे ताप-सर्दी, गो म्हणजे गोळी चुकली.

पहिला मोठा धडा भाद्रपदात मिळाला. महालक्ष्म्या उठल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मुठी मिटेनात. घरात एकमताने ठरलं, पुरणपोळी बाधली. कॅलेंडर मागे चाळलं तर निराळंच दिसलं. मेथोट्रेक्सेटच्या रविवारच्या गोळीने सोमवारी मळमळतं, म्हणून सणाच्या धांदलीत मी दोन रविवार गोळी घेतलीच नव्हती. त्यात हरतालिकेचं जागरण, मग गणपती, मग सोळा भाज्या चिरणं. बिचाऱ्या पुरणपोळीवर उगाच आळ! मळमळीचं डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि फॉलिक अ‍ॅसिड वाढवलं. एवढ्याने भागलं. (ही गोळी आठवड्यातून एकदाच, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.)

नंतरच्या पानांवर दोनच अक्षरं पुन्हा पुन्हा भेटली, ता आणि झो. साधी सर्दी झाली तरी आठवड्याने सांधे बोलायचे. म्हणून फ्लूची लस मी दरवर्षी डॉक्टरांना विचारून घेते. दाढ किडली होती ती काढली, हिरड्या साफ करून घेतल्या. ह्यांची गच्चीवरची सिगारेट सुटायला मात्र दोन वर्षं लागली, आणि त्यात माझ्या भांडणाचा वाटा मोठा आहे. तुम्ही स्वतः ओढत असाल तर बाकी सगळं राहू द्या, आधी ती सोडा. ओढणाऱ्यांवर मेथोट्रेक्सेटही कमी चालतं.

गिलोयबद्दल, म्हणजे गुळवेलीबद्दल, कुणी ना कुणी सांगेलच. आपली इम्युनिटी कमी नाहीये हो, ती वाट चुकली आहे, तिला आणखी चेव कशाला आणायचा? कोविडच्या काळात गिलोय घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये केली होती. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. मी घेत नाही. लघवीच्या जळजळीला मेडिकलवरून परस्पर अँटिबायोटिक आणू नका, हे मात्र वादातीत आहे. को-ट्रायमोक्साझोल हे त्यातलंच एक अँटिबायोटिक आणि मेथोट्रेक्सेट एकत्र आलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. एकच सांधा लाल, गरम होऊन ताप आला, तर ते दुखणं उसळलंय असं धरून बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि बाळाचा विचार असेल तर ही गोळी आधी बंद करावी लागते, किती आधी ते डॉक्टर सांगतील.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. काही वेळा फुंकर नसतेच, औषधच कमी पडत असतं. साधारण तीन महिन्यांत बऱ्यापैकी फरक दिसायला हवा आणि सहा महिन्यांत आजार आटोक्यात यायला हवा, या हिशेबाने डॉक्टर डोस बदलतात. तुमचे चार महिने झालेत आणि बोटं अजून सुजताहेत. मला ट्रिगरपेक्षा डोसचाच संशय जास्त येतो. सहा आठवडे आकडे लिहा, पण तोवर थांबू नका, याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या आणि असतील तेवढे आकडे दाखवा. मी पानाचा मोबाइलवर फोटो काढून नेते. डॉक्टर एकदा झूम करून म्हणाले, दूध फार घेता हो तुम्ही.