संवर्धन नव्हे हो, अक्षय्यता! (आणि थोडी माया)

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे : ‘पाणी रुंद भांड्यातून उंच ग्लासात ओतलं तरी तेवढंच राहतं, हे मुलाला कळणं म्हणजे राशीचे संवर्धन, असं प्रशिक्षणात सांगितलं. शब्द बरोबर आहे का?’

नाही. हे ‘संवर्धन’ सोलापुरातच माझ्या कानावर इतक्यांदा आदळलंय की आता दात आवळले जातात. वृध् म्हणजे वाढणे. पाणी वाढत नाही, हेच तर पोराला उमगायचं असतं! उंच ग्लास बघून ‘जास्त झालं’ म्हणणारं पाच वर्षांचं मूल, ते खरं संवर्धनवादी. वनांचं खुशाल संवर्धन करा; राशीची अक्षय्यता म्हणा. ऊर्जेच्या नियमाला शालेय पुस्तकात हाच शब्द आहे.

आता खरी गंमत. माप, मात्रा, प्रमाण, परिमाण ही सगळी ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूची लेकरं. त्याच घरातली ‘माया’. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या कोशात, ती प्रज्ञेच्या नावांमध्ये बसलीय. पुढे वेदान्त्यांनी तिला भ्रमाच्या खात्यात टाकलं. अक्कल आणि चकवा, दोन्ही एकाच शब्दात! जिनिव्हाच्या बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंनी मुलांपुढे ग्लास मांडले ते याच दोहोंच्या मधल्या उंबऱ्यावर. शिवाय हा उंबरा एका उडीत ओलांडला जात नाही. चिकणमातीच्या गोळ्याची वळकटी केली तरी माती तेवढीच, हे त्यांच्या मते साधारण ७-८ व्या वर्षी पटतं. वजनही तेवढंच, हे ९-१० व्या. घनफळाला ११-१२ उजाडतं.

पण माझी लाडकी माया शिंप्याची. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. ही ‘माया’ म्हणजे आईची ममता, असं एक कोशप्रेमी मित्र मला दर दिवाळीला ऐकवतात. मला काही पटत नाही. ममता ‘मम’पासून आली, मोजण्याशी तिचं काही नातं नाही, आणि शिंप्याच्या गळ्यात टेप असते, गळा भरून आलेला नसतो.

गेल्या वर्षी भाचीच्या फ्रॉकची माया उसवली. ‘मामा, फ्रॉक वाढला!’ म्हटलं, कापड वाढलं का? तिनं खालची जुनी घडी, न विटलेला गडद पट्टा, बोटानं चाचपला. ‘नाही. हे आत होतं.’ वय सहा. पियाजेंपेक्षा वर्षभर आधी! (१९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलंच होतं की रांगेत मांडलेल्या सोंगट्या मोठ्या माणसाऐवजी खेळण्यातल्या ‘खोडकर’ टेडी अस्वलानं विस्कटल्या, तर बरीच लहान मुलंही ‘तेवढंच’ म्हणतात.)

व्युत्पत्तीचा निकाल लावायला साखर पेठेतल्या आमच्या शिंप्यांना विचारलं, ‘काका, याला माया का म्हणतात?’ त्यांनी मान वर न करता टेप ओढली.

‘एक इंच ठेवू का दीड?’