'गावठाण' म्हणजे नेमके काय?

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास वाचताना 'गावठाण' हा शब्द वारंवार भेटतो. त्याचा अर्थ 'जुनी, दाटीची वस्ती' एवढाच घ्यावा का, आणि 'पाडा' व 'कोळीवाडा' हे त्याचे समानार्थी शब्द मानावेत का, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे.

'ठाण' हे संस्कृत 'स्थान' या शब्दाचे प्राकृतातून मराठीत आलेले रूप असून 'ठाण मांडणे' या वाक्प्रचारातही तेच आहे. 'गाव' म्हटले की शेते, गायरान, तळी, वहिवाटीच्या वाटा अशी सगळी हद्द आली. 'गावठाण' म्हणजे त्या हद्दीतली केवळ घरे बांधून राहण्याची जागा. देशावर याच भेदासाठी 'काळी' आणि 'पांढरी' अशी फार अर्थपूर्ण जोडी आहे. कसायची जमीन ती काळी, आणि चुलींची राख, शेण व पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या मिसळून फिकट झालेली वस्तीची जमीन ती पांढरी. मुंबईची उपनगरे ज्यावर वसली त्या साष्टी बेटावर काळ्या रानाऐवजी भातखाचरे आणि खाजणे (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी) होती, तरी राहती जागा व पिकाची जागा वेगळी ठेवण्याची रीत तीच होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही 'गावठाण' ही संज्ञा व्याख्येसह आली असून त्याची हद्द ठरवण्याची तरतूद कलम १२२ मध्ये आहे.

हा अर्थ ध्यानात घेतला की उपनगरांच्या घडणीचा क्रम स्पष्ट होतो. 'साष्टी' हे नावच सहासष्ट गावांवरून पडले, असे परंपरेने सांगितले जाते. १५३४ मध्ये हा भाग पोर्तुगीजांकडे गेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. या सत्तांतरांतून गावे टिकून राहिली. पुढे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत रेल्वे आली, १८९६ च्या प्लेगनंतर दाटीच्या शहरातून बाहेर पडण्याची निकड वाढली, १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला आणि १९५० व १९५७ मध्ये ही उपनगरे टप्प्याटप्प्याने बृहन्मुंबईत सामील झाली. नवे बंगले, सोसायट्या आणि रस्ते आले ते मुख्यतः शेतजमिनीवर. गावठाणे मात्र आपल्या जागी राहिली, आणि म्हणूनच मरोळ किंवा चेंबूर येथे सरळ आखलेल्या रस्त्यांच्या मध्येच एकाएकी अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्या लागतात.

'कोळीवाडा' हा शब्द वस्ती कोणाची ते सांगतो. वेसाव्याचा (वर्सोव्याचा) कोळीवाडा म्हणजे मासेमारी करणाऱ्या कोळी समाजाची वस्ती, आणि तिच्यात घरांइतकेच महत्त्व मासळी सुकवण्याच्या व होड्या लावण्याच्या जागेला असते. 'पाडा' म्हणजे मुख्य गावापासून सुटी असलेली लहान वस्ती. आरे परिसरातील वारली समाजाचे पाडे हे त्याचे उदाहरण. 'गावठाण' या शब्दात समाजाचा निर्देश नाही आणि आकाराचाही नाही, त्यात आहे तो जमिनीच्या वापराचा.

त्यामुळे 'उपनगरात गावठाण वसले' हे वाक्य मला चुकीचे वाटते. 'गावठाणाभोवती उपनगर वसले' असे लिहावे. गावठाणाला 'झोपडपट्टी' म्हणणे तर अधिकच अन्यायकारक आहे, कारण त्याने त्या भागातल्या सर्वांत जुन्या रहिवाशांनाच उपरे ठरवले जाते. शब्द नपुंसकलिंगी असून त्याचे अनेकवचन 'गावठाणे' असे होते. बोलण्यात 'गावठण' ऐकू येते, पण लेखनात 'गावठाण' हेच रूप वापरावे.