चावणारं मूल आणि बालवाडीताईंचं प्रशिक्षण

ताई, तुमच्या वर्गातला साडेतीन वर्षांचा मुलगा इतरांना चावतो, आणि भावनिक विकासाचं शिबिर करूनही नेमकं काय करायचं ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. शिबिरात मिळालेला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता खुशाल भिंतीवर राहू द्या. पण राग अनावर झालेलं मूल तक्ता बघायला जात नाही.

आधी आठवडाभर फक्त नोंदी ठेवा. ‘फार हट्टी आहे’ असं लिहू नका. ‘आवरायची घंटा झाली, शेजारच्यानं ठोकळा ओढला, हा चावला’ असं लिहा. बहुतेकदा ठरावीक वेळच सापडते: आवराआवर, डब्याची रांग, नाहीतर आई सोडून जाते ती. मग त्या वेळेच्या जरा आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. ‘अजून एक मनोरा कर, मग आवरू.’

तरीही चावलाच, तर आधी ज्याला लागलं त्याला जवळ घ्या. मग याच्यासमोर खाली बसून हळू आवाजात, ‘ठोकळा तुला हवा होता. राग आला. चावायचं नाही, दुखतं. “मला दे” म्हण.’ बस्स, एवढंच. ‘सॉरी बोल’ म्हणून मागे लागू नका. या वयात स्वतःला आवरणं अजून जमत नसतं. शांत मोठ्या माणसाच्या सोबतीनं ते हळूहळू येतं.

आपल्या वडोदऱ्यात तर दांडिया बाजारातल्या कितीतरी घरांत मराठी, बाहेर गुजराती आणि वर्गात इंग्रजी. रडणाऱ्या मुलाशी त्याच्या घरच्या भाषेत बोला, शाळेचा नियम काहीही असो. याबाबतीत मी हट्टी आहे.

आता बालवाडीताईंसाठीच्या कोर्सचं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडी कार्यकर्त्यांसाठी ६ महिन्यांचं प्रमाणपत्र आणि कमी शिकलेल्यांसाठी १ वर्षाची पदविका सांगितली आहे. कुठलाही कोर्स घेताना एकच विचारा: मुलांमध्ये बसून शिकवणार का? सयाजीराव विद्यापीठाच्या मानवविकास विभागाला स्वतःची चेतन बालवाडी आहे, ती यासाठीच मोलाची. भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेतही बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालमंदिराच्या जोडीनंच शिक्षक घडवले.

आणि हो, फाटकात सगळ्यांसमोर त्याच्या आईकडे तक्रार करू नका. घरी नवं बाळ आलंय का, झोप होते का, हे बाजूला घेऊन विचारा. नोंदी झाल्या की मुलाचं नाव न घालता इथे टाका, मिळून वाचू.