'स्टॉक कार'मधला 'स्टॉक'

प्रश्न असा आला आहे : "अमेरिकेतल्या 'स्टॉक कार रेस'ला एके ठिकाणी 'साठा मोटार शर्यत' म्हटलेलं वाचलं. हे बरोबर आहे का? आणि 'कोका-कोला ६००' या शर्यतीच्या नावातले ६०० नेमके कशाचे?"

'साठा' हा शब्द हवेतून आलेला नाही. इंग्रजीत स्टॉक म्हणजे मुळात झाडाचं खोड, पुढे व्यापाऱ्याकडे भरून ठेवलेला माल. स्टॉक कार म्हणजे विक्रेत्याकडच्या त्या मालातली गाडी, कुणीही पैसे मोजून घरी न्यावी अशी. इथे भर 'साठवलेली' यावर नाही, 'जशी विकायला आली तशीच' यावर आहे. मराठीत हा फरक चांगलाच टोचतो. साठवून ठेवलेलं ते 'ठेवणीतलं', आणि ठेवणीतली साडी म्हणजे सणावाराला नेसायची. स्टॉक कारचा अर्थ याच्या नेमका उलट, रोजच्या वापरातली गाडी.

खरं तर हा अर्थ आपल्याकडे रूढ आहे. गॅरेजमध्ये "पुंगळी बदललीय की कंपनीचीच आहे?" असं विचारतात, तेव्हा त्या 'कंपनीची'मध्ये इंग्रजी 'स्टॉक' जवळजवळ पूर्ण उतरतो. आताशा मुलं "गाडी स्टॉकच आहे" असंही सरळ म्हणतात.

या एका शब्दावरून पहिल्याच शर्यतीचा निकाल फिरला होता. नॅसकार ही अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती भरवणारी संस्था १९४८ साली स्थापन झाली. पुढच्या वर्षी, १९ जून १९४९ रोजी, तिने नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथे 'स्ट्रिक्टली स्टॉक' गटाची पहिली शर्यत घेतली. गाडी कंपनीतून आली तशीच हवी, ही त्यातली मुख्य अट. ग्लेन डनअवे सगळ्यांच्या आधी पोचला. पण तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार आढळला. त्या भागात हातभट्टीची दारू वाहून नेणाऱ्या गाड्यांना असे फेरफार करत, म्हणजे माल भरल्यावरही गाडी वळणावर पकड सोडत नसे. डनअवे बाद झाला आणि विजय कॅन्सासच्या जिम रोपरच्या लिंकनला मिळाला. प्रकरण कोर्टात गेलं, तिथेही नॅसकारचाच निर्णय टिकला. एका विशेषणाच्या अर्थावरून विजेता बदलल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

मग 'जशीच्या तशी मोटार' असं भाषांतर करावं का? १९४९ बद्दल लिहिताना जरूर करावं. आजच्या शर्यतीला मात्र ते लागू पडत नाही. आजची स्टॉक कार शर्यतीसाठीच बांधलेली असते : पोलादी नळ्यांचा सांगाडा, उघडणारं दार नाही म्हणून चालक खिडकीतून आत शिरतो, आणि पुढचे दिवे म्हणजे चिकटवलेली चित्रं. रूप तेवढं बाजारातल्या गाडीसारखं. म्हणजे शब्दातला मूळ अर्थ गळून गेला आणि नाव उरलं. आपल्याला यात परकं काही नाही. 'शाई' हा फारसी 'सियाही'वरून आलेला शब्द, म्हणजे मुळात काळेपणा; तरी आपण लाल शाई बिनदिक्कत म्हणतो. 'तेल' तिळावरून आलं, आणि खोबरेल तेल घरोघरी आहे. म्हणून माझं स्पष्ट मत : 'स्टॉक कार' तसाच ठेवावा, पहिल्या उल्लेखाला एका ओळीत अर्थ सांगावा. 'साठा मोटार' मात्र नको.

आता आकडा. कोका-कोला ६०० मधले ६०० म्हणजे मैल, सुमारे ९६५ किलोमीटर. शार्लटच्या दीड मैलाच्या ट्रॅकवर ४०० फेऱ्या. फॉर्म्युला वनची नेहमीची शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची असते, म्हणजे ही तिच्या तिप्पट. १९६० साली ती 'वर्ल्ड ६००' या नावाने सुरू झाली. मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारच्या आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, संध्याकाळच्या उजेडात निघालेल्या गाड्या रात्री दिव्यांखाली संपवतात. हिला 'दीर्घ अंतराची' म्हणण्यापेक्षा 'लांब पल्ल्याची' म्हणावं. अंतर नकाशावर मोजता येतं, पल्ला गाठावा लागतो.

आकड्याबाबत भाषांतरकाराने फार जपावं. डेटोना ५०० मधले ५०० मैल आहेत, मार्टिन्सव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर ५०० फेऱ्या, आणि फिनिक्सच्या ५०० मध्ये किलोमीटर. तेव्हा नुसतं '५०० ची शर्यत' लिहून थांबू नये, एकक लिहावंच.

'लॅप'साठी 'फेरी' उत्तम. कुणी 'प्रदक्षिणा' सुचवतात. शब्द देखणा आहे, पण इथे बसत नाही. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला राहतो. शार्लटला गाड्या सतत डावीकडे वळतात, मधलं मैदान डाव्या हाताला ठेवून. आपल्या हिशेबाने चारशेच्या चारशे फेऱ्या अपसव्य.